लोटू मुकादमाच्या घरचं रक्त

लोटू मुकादम स्वतःबद्दल बोलायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मी उकिरडावर लोटेल पोऱ्या शे, माले काहीच व्हत नही." त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्याला उकिरड्यावर लोटून दिलं, आत्याने उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं लोटू. शिरपूरकडच्या गावांत असे लोटू आणि चिंधा पुष्कळ आहेत, आणि ते बिचारे आपापली कामं करून गुपचूप जगतात. आमच्या या लोटूने मात्र त्या एका लोटण्याच्या जोरावर अख्खं आयुष्य मिरवलं. देवाने वाचवलं म्हणजे आपण देवाचे खास, अशी त्याची पक्की समजूत होती.

मी शोभा. माहेर अमरावतीकडचं, नवरा कडोदऱ्याला एका लूम कारखान्यात, आणि मी सुरतेत, लिंबायतच्या आरोग्य केंद्रात नर्स. प्लेगनंतरची ती वर्षं. शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं आणि आम्ही नर्सा गल्लोगल्ली फिरत होतो. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोण किती खातं, हे मला कोणी न सांगता कळायचं. लोटूच्या घरातलं तर फारच लवकर कळलं.

हा माणूस बहात्तरच्या दुष्काळात सुरतेला आला. आधी उधन्यात माग चालवला, मग मालकाच्या मागेमागे करून मुकादम झाला. गावाकडून माणसं आणायची, त्यांना कामाला लावायचं आणि जन्मभर "मी आनं तुले" म्हणून ऐकवत राहायचं, हा त्याचा धंदा. पांढरं धोतर, टोकदार मिशा, आणि आवाज असा की चार मागांचा खडखडाट त्याखाली बुडावा. मालकाच्या वाढदिवसाला कारखान्यात रक्तदानाचा कॅम्प भरायचा, तिथे हा पहिल्या खाटेवर. बदल्यात एक स्टीलचा डबा मिळायचा. ते डबे त्याने दारातल्या फळीवर ओळीने मांडले होते. त्यांत काही ठेवायचं नाही, नुसते बघायचे. "आमनं रगत म्हंजे असं लालबुंद," असं तो माझ्यासारख्या नर्सला तोंडावर सांगायचा.

लालबुंद असायला त्याला काय झालं होतं? घरात मटण शिजलं की कलेजी त्याची, नळी त्याची, मग त्याच्या मुलाची, चेतनची. बायको सरलाबाई आणि सून नूतन यांच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि भाकरी. दूध सासरा आणि नवरा यांना, चहाचं फुळकवणी बायकांना. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, सरलाबाईला तर मुळीच नाही. ती बाई मला मोठ्या कौतुकाने म्हणाली होती, "त्या जेवनात का मंग आम्ही जेवतस." पुरुषांच्या मागून जेवायचं, जणू काही पुण्याचं काम.

नूतन साक्रीकडची. लग्न होऊन आली तेव्हा चांगली भरलेली होती म्हणतात, मी पाहिली तेव्हा तिच्या पापणीच्या आतला भाग कागदासारखा पांढरा होता. एक मुलगी झाली होती, स्वाती, आणि दोनदा पोट पडलं होतं. घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करायची. कटरचं टोक बोटाला लागायचं, आणि लागलं की पिकायचं. कधी काखेत गळू, कधी मांडीवर, कधी नखाच्या कडेला. एक बरं होईस्तोवर दुसरं तयार. पदराच्या गाठीत भुतडो असायचा, म्हणजे वाण्याकडे मिळतात ते भाजक्या मातीचे खडे. मी विचारलं तर लाजून म्हणाली, "तोंडले बरं लागस, ताई."

माती खावीशी वाटते म्हणजे अंगात लोह नाही, हे मला शिकवावं लागत नव्हतं. मी लोटूला सांगितलं. तो खाटेवर पाय पसरून बसला होता.

"आमना घरमा काय कमी शे, सिस्टर? दूध शे, तूप शे. तिले कामना कटाळा शे, दुसरं काय!"

"आणि ही गळवं? तीपण कंटाळ्यानेच येतात का जी?"

"आंगमा उष्णता शे तिना," लोटू म्हणाला. म्हणजे निदानही झालं. तेवढ्यावर त्याने कडुलिंबाचा पाला वाटून तिला पाजायला सांगितलं आणि स्वतः दूध पिऊन कारखान्यात गेला.

त्याच पावसाळ्यात आमच्या केंद्रात डॉक्टर नयना देसाई येऊ लागल्या. कुठल्याशा मेडिकल कॉलेजात त्यांचं संशोधन चालू होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला त्यांचाही रागच आला होता. त्यांना बायका दिसतच नव्हत्या, नळ्या दिसत होत्या. बर्फाचा डबा घेऊन यायच्या, "चालो चालो, सॅम्पल" म्हणायच्या आणि रक्त गरम होऊ नये म्हणून धावतपळत परत जायच्या. पण एक दिवस मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी, तर बाई खुर्ची ओढून बसल्या आणि मला नीट समजेल असं सांगितलं.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात. शरीरात जंतू शिरला की त्याला गिळायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. नुसतं गिळून भागत नाही. मारण्यासाठी त्यांच्या पोटात एक एन्झाइम भरलेलं असतं, मायलोपेरॉक्सिडेज असं त्याचं लांबलचक नाव. ते तयार व्हायला लोह लागतं. हिमोग्लोबिनलाही तेच लोह लागतं. मग ज्या बाईचं हिमोग्लोबिन खाली गेलंय तिच्या न्यूट्रोफिलमधलं हे एन्झाइमही खाली जातं का, आणि गेलं तर कितपत, हे बाईंना मोजायचं होतं.

"म्हणजे पेशी तेवढ्याच, पण रिकाम्या?" मी विचारलं.

"वॉचमन हाजिर है, डंडा नहीं है," त्या म्हणाल्या.

मला एकदम नूतनची बोटं आठवली. मी म्हटलं, तुम्हाला हवी तशी बाई माझ्याकडे आहे. ठरलं असं की बाईंनी वस्तीतच येऊन पंधरावीस जणींचं रक्त घ्यायचं, कमी निघेल तिला लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. हिमोग्लोबिन वर चढलं की एन्झाइमही चढतं का, ते त्यातून कळणार होतं. नूतनचं उजव्या हाताचं पहिलं बोट तेव्हा नखापासून सुजून ठणकत होतं. ती लगेच तयार झाली.

घोटाळा एवढाच झाला की बाईंनी निवडलेला दिवस कानबाईच्या नंतरचा होता.

श्रावणात खानदेशी माणसाच्या घरी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी करतात, रात्रभर गाणी म्हणतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेतात. मला हा सण आवडतो, खोटं कशाला बोलू. नंतर मात्र रोट असतात. भाऊबंदकीत जेवढे पुरुष असतील तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन दळायचे आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी घरच्यांनीच खाऊन संपवायची. ते पीठ संपेपर्यंत घरातलं काही बाहेर द्यायचं नाही. लोटूच्या घरी तर हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवून ठेवायचे. बायकांच्या नावाची मूठ त्या गव्हात नसते. पोळ्या मात्र त्यांनीच लाटायच्या.

बाई बर्फाचा डबा घेऊन आल्या, समाजाच्या हॉलमध्ये टेबल मांडलं, बायका जमल्या. नूतन पुढेच उभी होती, बोट पदरात गुंडाळून. तेवढ्यात लोटू आला.

"रोट शेतस घरमा," तो दारातूनच गरजला. "पीठ सरत नही तोवर घरमातलं काहीच बाहेर जाव नही. रगतबी नही."

मी म्हटलं, "अहो, रक्त म्हणजे काय पीठ आहे का?"

"कुळनं रगत शे ते."

मी त्याला विचारलंच. "रोटाच्या गव्हात हिच्या नावाची मूठ घेतली का तुम्ही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. "बाईनी मूठ कशी घेतीन?"

"मग गव्हात ही कुळाची नाही आणि रक्त तेवढं कुळाचं?"

त्याच्या भाऊबंदांतले दोघे हसले, पण त्याच्याकडे बघून लगेच गप्प झाले. अशा माणसाला उत्तर सापडत नाही तेव्हा तो आवाज वाढवतो. लोटूने वाढवला, आणि त्याच्या भाऊबंदकीतल्या सगळ्या बायका एकामागून एक हॉलमधून बाहेर पडल्या. नूतनही गेली. मी तिच्या हातात गोळ्यांची पुडी कोंबली, तर तीही संध्याकाळी सरलाबाईने परत आणून दिली. रोट चालू असताना बाहेरचं पोटात घालायचं नाही म्हणे. त्या पुडीची मला एवढी चीड आली की मी सरलाबाईशी एक शब्द बोलले नाही.

चौथ्या दिवशी चेतन केंद्रावर आला. हा मुलगा सत्तावीस वर्षांचा, एका वेळी आठ माग सांभाळणारा, आणि बोलताना चपलेकडे बघणारा. म्हणाला, नूतनला ताप आहे, हात दाखवायला आणू का? मी म्हटलं, मीच येते. जाऊन पाहिलं तर बोट काळं पडलं होतं, मनगटापर्यंत हात ताणून चकाकत होता आणि लाल रेघ कोपराकडे चालली होती. अंग भाजत होतं. अशा हाताने तिने सकाळी पोळ्या लाटल्या होत्या. लोटू आतल्या खोलीत जेवत होता.

मी रिक्षा बोलावली. त्याला विचारलं नाही. रोटाच्या दिवसांत घरातलं बाहेर जाऊ नये असं तो काहीतरी म्हणाला खरा, पण मी नूतनला उचलून रिक्षात बसवलं तेव्हा मला आडवं यायची त्याची छाती झाली नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड भरलेला होता, म्हणून तिचं स्ट्रेचर व्हरांड्यात भिंतीला लावलं. हिमोग्लोबिन चारच्याही खाली निघालं. सर्जन म्हणाले, बोट आत्ता काढावं लागेल, नाहीतर हात जाईल, हात वाचवत बसलात तर बाई जाईल. पण एवढ्या रक्तावर भूल देता येणार नाही. आधी दोन बाटल्या रक्त द्या. कोणत्याही गटाचं चालेल, घरच्यांनी द्यायचं, बदल्यात रक्तपेढी हिच्या गटाचं देईल.

तोवर लोटू सरलाबाई आणि चेतनला घेऊन येऊन पोचला होता, मागे त्याची भाऊबंदकी. बन्सीलाल, हिलाल, भगवान आणि आणखी दोघेतिघे. सगळे धडधाकट, सगळे त्या कॅम्पात डबे मिळवलेले. मी म्हटलं, चला, दोघं जण चला, लवकर. कोणी हललं नाही. सगळे लोटूकडे बघत राहिले.

लोटूने मिशीवरून हात फिरवला. "पीठ सरनं नही आजून."

माझा संताप झाला, पण मी गिळला. म्हटलं, बरं, तुमच्याच नियमाने बोलू. घरातलं बाहेर जाऊ नये ना? सून तुमच्या घरचीच आहे. तिच्या अंगात गेलं तर ते घरातच राहिलं.

यावर त्या माणसांनी विचार करायला सुरुवात केली! अक्षरशः व्हरांड्यात गोल करून उभे राहिले आणि सून घरातली की बाहेरची यावर बोलू लागले. बन्सीलाल म्हणाला, लग्न झालं म्हणजे घरातली. हिलाल म्हणाला, पण तिचं कूळ वेगळं, तिच्या बापाच्या घरी वेगळे रोट. भगवानने कोणत्या तरी आजोबाच्या वेळची गोष्ट काढली. कोणी तंबाखू मळली. दोन हातांवर स्ट्रेचरवर नूतन डोळे मिटून पडली होती, तिच्या दंडावरची रेघ वर सरकत होती, आणि ही मंडळी निवाडा करत होती. आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली, पण एवढी गंभीर चेहऱ्याची नाही.

शेवटी लोटूने निकाल दिला. "सून बाहेरनी. पोटनी पोर ऱ्हाती तं गोष्ट येगळी व्हती. रोट सरनात का मी सोता रगत दिसू."

तो निकाल त्याने हळू आवाजात द्यावा तेही नाही. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

मी चेतनला दंडाला धरलं. "अरे, तुझी बायको आहे ती."

"आप्पा म्हनतीन तसं," तो चपलेला म्हणाला.

सरलाबाई मात्र उठली. नवऱ्याकडे न बघता माझ्यामागोमाग रक्तपेढीच्या खिडकीपाशी आली आणि "मनं ल्या" म्हणून हात पुढे केला. तिथल्या माणसाने तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त पुरेसं असलं तर थेंब तळाला जातो. तिचा वरच तरंगत राहिला. "मासी, तुमच्यातच नाही, तुम्ही काय देणार?" तो म्हणाला. सरलाबाईने दुसरं बोट पुढे केलं, यातलं बघा म्हणून. पुडीवरून तिच्यावर धरलेला माझा राग तिथे उतरला.

माझं रक्त दोनच महिन्यांपूर्वी देऊन झालं होतं, म्हणून मी डॉक्टर नयनाबाईंना फोन लावला. त्या आल्या, नेहमीसारख्या धावतपळत, स्वतः सही करून पेढीतून दोन बाटल्या सोडवल्या आणि त्यांची एक बाटली तिथेच झोपून दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाकडं बोललेले नाही. पण वेळ जायचा तो गेलाच होता. आधी एक बोट म्हणणाऱ्या सर्जनने संध्याकाळी दोन काढली. नूतन वाचली.

रक्त चढवायच्या आधी बाईंनी तिच्या रक्ताचा नमुना घेऊन ठेवला होता. नंतर एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा दाखवल्या. एक त्यांच्या स्वतःच्या रक्ताची. रंग दिल्यावर न्यूट्रोफिलच्या आत गडद कण गच्च दिसत होते. दुसरी नूतनची. पेशी पुष्कळ, इकडेतिकडे पसरलेल्या, आणि पोटं जवळजवळ रिकामी. बाईंनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं की सगळ्याच बायकांत इतकं सरळ दिसत नाही, काहींचं हिमोग्लोबिन कमी असूनही एन्झाइम बऱ्यापैकी निघतं. मी मान हलवली. मला त्या काचेवर नूतनच दिसत होती, सगळ्यांच्या शेवटी पातेलं खरवडणारी.

दवाखान्यातून तिला तिचे वडील, पांडुरंग, साक्रीला घेऊन गेले. स्वातीलाही नेलं. गोळ्या मी तिच्याबरोबर दिल्या, चहाबरोबर घेऊ नको म्हणून बजावलं. तिचे वडील शेतमजूर, पण मुलीला पहिल्या पंगतीला बसवायचे, हे तिने नंतर मला सांगितलं. सांगताना तिला त्याचं नवल वाटत होतं.

इकडे लोटूची पंचाईत झाली. वस्तीत लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण त्याने एखाद्याला "मी आनं तुले" म्हटलं की तो माणूस हल्ली दुसरीकडे बघायचा. घरात सरलाबाई आजारी पडली, भाकरी थापायला कोणी नाही. मग त्याला सुनेची आठवण झाली. दोनदा निरोप गेले, उत्तर आलं नाही. लोकांत तो म्हणायचा, "हात तुटेल सून घरमा ल्यासू, माले काय कमीपना नही." उपकार करणारा तोच!

दिवाळीनंतर नूतन तपासणीसाठी सुरतेला आली, वडिलांबरोबर, आमच्या केंद्रावर. मी तिला पटकन ओळखलं नाही. गालावर रंग होता, अंगावर एकही गळू नव्हतं, तीन बोटांच्या हाताने ती स्वातीची वेणी नीट करत होती. नयनाबाईंनी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं होतं. दोन दिवसांनी कळलं की न्यूट्रोफिलही भरले होते, पण ते पुढे.

रक्त घेऊन होतंय तोच दारात लोटू उभा. कोणीतरी त्याला खबर दिली असणार. काखेत नव्या साडीचं पुडकं, मागे चेतन. केंद्रात बायका बसल्या होत्या, म्हणून त्याने आवाज खास गोड केला होता.

"चाल पोरी, घर चाल. घरनी लक्ष्मी किती दिन बाहेर ऱ्हाई?"

नूतनने दंडावरचा कापूस दाबून धरला. तिने डोक्यावरचा पदरही सावरला, सासरा होता ना. मग शांतपणे म्हणाली, "आप्पा, तुम्हीनच सांगं व्हतं ना दवाखानामा, सून बाहेरनी. मी जागीच व्हतू."

लोटूने साडीचं पुडकं या काखेतून त्या काखेत घेतलं. मला आनंद झाला, तो मी लपवलाही नाही.

नूतन त्याच्या बाजूने दाराशी गेली आणि चेतनसमोर थांबली.

"तुम्ही येतस का आमनासंगे?"

चेतनने मान वर केली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वातीकडे. आणि मग त्याने आप्पाच्या तोंडाकडे पाहिलं.

नूतनने मुलीला कडेवर घेतलं आणि वडिलांच्या मागे बस स्टँडकडे चालू लागली.